सोलरमागे बॅटरीही येतेय. पण तिची राखण कोण करणार?

गावोगावी सबस्टेशनजवळ सोलर प्रकल्प उभे राहत आहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी हा त्यामागचा हेतू. पण सूर्य मावळला की पॅनल बंद. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी 2025 मध्ये सल्ला दिला, की सोलरच्या नव्या टेंडरमध्ये क्षमतेच्या किमान 10 टक्के, दोन तास पुरेल एवढी बॅटरी ठेवावी. म्हणजे उद्या शिवारात पॅनलशेजारी बॅटरीचे कंटेनर दिसले तर नवल नाही.

ही बॅटरी घरच्या इन्व्हर्टरची नव्हे. लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक सेल फक्त 3.2 व्होल्टचा. पण 416 सेल एकामागे एक जोडले, की एका रॅकचे व्होल्टेज जाते 1331 वर. आपली थ्री फेज मोटर चालते 415 वर.

प्रिव्हेंटरचाच मोठा भाऊ

एक फेज गेला की प्रिव्हेंटर स्टार्टर पाडतो अन् मोटर वाचते. काही जण तो काढून मोटर डायरेक्ट करतात. मग रिवाइंडिंगचा खर्च ठरलेला. बॅटरीच्या रॅकमध्ये हेच काम बीएमएस करते. ती प्रत्येक सेलचे व्होल्टेज, ठिकठिकाणचे तापमान आणि रॅकचा करंट मोजते. धोका दिसला की कॉन्टॅक्टर उघडून रॅक तोडते.

दक्षिण कोरियात अशा साठवण प्रकल्पांना एकामागून एक आगी लागल्या. तिथल्या सरकारी चौकशीने जून 2019 मध्ये 23 आगींची कारणे सांगितली. विजेच्या झटक्यापासून बचावाची यंत्रणा अपुरी, धूळ-ओलाव्याकडे दुर्लक्ष, चुकीची जोडणी आणि सगळ्या यंत्रणांचा एकमेकींशी मेळ नसणे. म्हणजे दोष एकट्या सेलचा नव्हता, राखणही कच्ची होती.

स्वस्तात कुठे फसगत होते?

पहिली गोष्ट मोजमापाची. या सेलचा चार्ज 40 टक्के असो की 60, व्होल्टेजमधला फरक काही मिलिव्होल्टचाच. मोजणारी चिप ढोबळ असेल तर बॅटरी किती भरली याचा अंदाजच चुकतो.

दुसरी, सेल समान राखण्याची. 280 अँपिअर-तासांच्या सेलमध्ये 1 टक्का फरक पडला तर तो 2.8 अँपिअर-तास होतो. 100 मिलिअँपिअरचे बॅलन्सिंग असेल तर तो भरून काढायला 28 तास लागतात. एवढा वेळ रोजच्या वापरात मिळणार कुठून?

तिसरी कॉन्टॅक्टरची. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीत तसे होत नाही. म्हणून 1500 व्होल्ट डीसीचाच कॉन्टॅक्टर आणि फ्यूज हवा. शिवाय वायरचे इन्सुलेशन सतत तपासणारी यंत्रणाही लागते.

ग्रामसभेत काय विचारायचे?

जागेचा ठराव गावाकडे आला तर भाड्यासोबत चार प्रश्न विचारायला हरकत नाही. बॅटरीला आयईसी 62619 चे प्रमाणपत्र आहे का? आग पसरण्याची यूएल 9540ए चाचणी झाली का? तापमानाचे सेन्सर किती सेलमागे एक? आणि अलार्म वाजला तर रात्री फोन कोण उचलणार, पुण्या-मुंबईचा ऑपरेटर की गावाजवळचा माणूस?

भाडे वर्षानुवर्षे येत राहील. पण कंटेनरच्या पलीकडे कुणाचा तरी गोठा, कुणाची तरी कडब्याची गंजी आहे. त्यामुळे प्रश्न सही करण्याआधीच विचारलेले बरे.