कुत्र्याच्या भगोण्यातला भोपळा

यंदाच्या दिवाळीत ताईचा मुलगा पुण्याहून सहकुटुंब नरसीला आला. सहकुटुंब म्हणजे तो, त्याची बायको, सहा वर्षांची लेक आणि ब्रुनो. ब्रुनो हा तीन वर्षांचा लॅब्राडोर. गाडीतून आधी ब्रुनो उतरला, मग माणसं उतरली आणि सगळ्यात शेवटी चिकटपट्ट्या मारलेला एक थर्माकोलचा डबा. मला वाटलं, बाकरवडी असेल. निघालं बर्फात ठेवलेलं कच्चं चिकन!

आता आमच्या घरची परिस्थिती नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. आई ब्याऐंशी वर्षांची, माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. तेव्हा डबा गोठ्यात गेला आणि ब्रुनोचं जेवणही तिकडंच सुरू झालं. हाडांसकट कच्चं चिकन, त्यावर काळजाचा तुकडा. बस्स. दुसरं काही नाही.

आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "कामून रे, भाकर देत न्हाईस त्याला?"

"आजी, कुत्रा म्हणजे लांडगाच असतो. लांडगा कुठं भाकरी खातो? भाजी-भाकरी म्हणजे त्याच्या पोटात भेसळ."

आई काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा सावध राहावं, हे मी पन्नास वर्षांत शिकलोय. भाच्याला ते माहीत नव्हतं.

दोन दिवस ब्रुनोला बाहेर नेलं, पण तो नुसता कुंथत राहिला. तिसऱ्या दिवशी जे काही झालं ते पांढरं आणि खडूसारखं कडक. हाडांचं प्रमाण जास्त झालं की असं होतं. त्या संध्याकाळी भाचा हिंगोलीला चिकन आणायला गेला, आणि आईनं लाल भोपळ्याच्या चार फोडी मऊ शिजवल्या, त्यात अर्धी ज्वारीची भाकरी कुस्करली आणि जर्मनच्या भगोण्यात घालून ब्रुनोपुढे ठेवली. ब्रुनोनं भगोणं चाटून इतकं लख्ख केलं की घासायची गरज उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं मोकळं!

भाच्याला कळलं तेव्हा तो चिडला. "मामा, तुम्ही घरात असून आजीला अडवलं नाही?" असं म्हणाला. आणखी दोन दिवस राहायचा तो त्याच दुपारी निघाला. जाताना आजीच्या पाया पडला, पण बोलला नाही.

तो हे लिखाण वाचतो. फोन उचलत नाही, पण हे वाचतो. म्हणून उत्तर इथंच देतो.

सगळ्यात आधी लांडग्याचं. कुत्रा लांडग्यापासून आला, मान्य. पण तिथून निघाला त्याला हजारो वर्षं झाली, आणि वाटेत तो माणसाच्या उकिरड्यावर, खळ्यावर, चुलीपाशी थांबला. त्याचा परिणाम त्याच्या रक्तातच लिहिलेला आहे. स्वीडनमधल्या उप्सालाच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास छापला. पिष्ट पदार्थ पचवायला स्वादुपिंडातून जे अमायलेज लागतं, त्याच्या जनुकाच्या लांडग्यात साधारण दोन प्रती असतात. त्यांनी तपासलेल्या कुत्र्यांत त्या चार ते तीस निघाल्या. म्हणजे भाकरी पचवण्याची सोय कुत्र्यात मुद्दाम वाढत गेली आहे. सगळ्या कुत्र्यांत सारखी नाही, हेही खरं. ऑस्ट्रेलियातल्या डिंगोत, ध्रुवाकडच्या गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांत या प्रती कमी आहेत, कारण त्यांच्या माणसांकडे शेतीच नव्हती. म्हणजे माणूस जे पिकवत गेला, ते त्याचा कुत्रा पचवत गेला. आमच्या कयाधूच्या काठावर ज्वारी पिकते. इथल्या कुत्र्यानं लांडगा व्हायचं म्हटलं तरी कसं व्हायचं?

आता भाजीवाल्यांच्या बाजूनंही एक लंगडं कारण दिलं जातं. लांडगा शिकारीच्या पोटातला चाराही खातो, म्हणून कुत्र्यालाही भाजी हवी, असं. हे खरं नाही. लांडग्यांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या डेव्हिड मेक यांनीच लिहून ठेवलंय की मोठ्या शिकारीच्या पोटातला चारा लांडगे सहसा टाकून देतात. माझ्या बाजूचं असलं तरी खोटं कारण मला नको. भाजी द्यायची ती लांडगा खातो म्हणून नव्हे, कुत्र्याला उपयोगी पडते म्हणून.

आणि गंमत म्हणजे, भाच्याच्या या कच्च्या पंथाचे जे आद्य आचार्य, त्यांनीच भाजी सांगितली आहे. इयन बिलिंगहर्स्ट हे ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य. 'गिव्ह युवर डॉग अ बोन' हे त्यांचं पुस्तक १९९३ चं. कच्ची मांसल हाडं आणि त्याबरोबर वाटलेल्या कच्च्या भाज्या, असं त्यांचं सांगणं. भाजी पूर्ण वर्ज्य करणारे कडवे लोक दुसरे. गुरूपेक्षा शिष्य कडक, हे आपल्याकडे काय नवं आहे?

उपयोग काय, ते सांगतो. भाजीतल्या चोथ्यानं पोट साफ राहतं, ते ब्रुनोनं दाखवलंच. (एका कुत्र्यावरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला कळतं, पण चोथ्याचं काम काही ब्रुनोपुरतं नाही.) गाजर-भोपळ्यातल्या केशरी रंगापासून कुत्रा 'अ' जीवनसत्त्व तयार करू शकतो. मांजराला ते जमत नाही. मांजर खरीखुरी मांसाहारी. कुत्रा तसा नाही, हा फरक इथंच दिसतो. आणि वजन वाढलेल्या कुत्र्याचं पोट भरायला भाजीसारखं स्वस्त काही नाही. लॅब्राडोर जातीला तर भूक आवरतच नाही.

पण कशी द्यायची, हेही महत्त्वाचं. गाजराचे तुकडे कच्चेच टाकले तर जसे गेले तसे बाहेर येतात, कारण वनस्पतीच्या पेशीची भिंत फोडणं कुत्र्याच्या आतड्याला जमत नाही. बिलिंगहर्स्ट भाजी वाटायला सांगतात ती त्याचसाठी. आमच्या आईनं शिजवून कुस्करली. काम तेच. तिनं कुठलंही पुस्तक वाचलेलं नाही. प्रमाण मूठभर. भाजी हे जेवण नव्हे, जेवणाच्या कडेला असायची गोष्ट.

आता माझी स्वतःची चूक. ही लिहायला बरीच वर्षं टाळाटाळ केली.

आमचा आधीचा मोत्या. घरात माळ, म्हणून मोत्याही माळकरी, असं आम्ही कौतुकानं सांगायचो. भाकरी, वरण आणि उरलेली भाजी. माळकरी आई कांदा-लसूण खात नाही, पण बाकीच्यांच्या भाजीत कांदा भरपूर. तीच उरलेली भाजी रोज मोत्याच्या भगोण्यात. एका पावसाळ्यात तो मरगळला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी काळपट लाल. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "खायला काय घालता?" कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा घातक ठरू शकतो. म्हणजे पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला दोन-तीन मोठे कांदे पुरे, आणि रोज थोडा थोडा गेला तरी नुकसान साचतं. शिजवून त्याचा दोष जात नाही. लसूण तर त्याहून तीव्र. मोत्या त्या वेळी वाचला, पण पुन्हा पहिल्यासारखा धावला नाही. आम्ही त्याला भाजी घातली ही चूक नव्हती. कुठली भाजी, हे विचारलं नाही, ही चूक. तशीच द्राक्षं आणि मनुका. प्रसादाचे मनुके कुत्र्यापुढे टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, त्यानं कुत्र्याची किडनी जाऊ शकते.

म्हणजे ताशेरे फक्त भाच्यावर नाहीत. आमच्यासारख्या शाकाहारी घरांवरही आहेत. नुसत्या भाकरी-वरणावर कुत्रा जगतो, पण जगणं आणि अंगावर धरणं यात फरक आहे. आणि दुसरीकडे नुसतं मांसही पूर्ण अन्न नाही. हाडाशिवाय निव्वळ मांस घातलं तर फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. मग पिल्लाचं शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढतं आणि हाडं ठिसूळ होतात. दोन्ही घरांचा रोग एकच. आपली ओळख आपण कुत्र्याच्या भगोण्यात वाढतो. एकाला आपला कुत्रा वारकरी हवा, दुसऱ्याला लांडगा. कुत्र्याला काय हवं, हे कुणी विचारत नाही.

आणि आता कच्च्याचं. इथं मात्र मी गंमत करणार नाही.

माझ्या धाकट्या काकांच्या यकृतात नारळाएवढी गाठ निघाली होती. ऑपरेशन नांदेडला झालं. हायडॅटिड सिस्ट. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात-फुप्फुसात या किड्याच्या पाणथळ गाठी असतात. ते कच्चं काळीज कुत्र्यानं खाल्लं की किडा त्याच्या आतड्यात वाढतो, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात, आणि हातातून माणसाच्या पोटात जातात. कुत्र्याला काहीच होत नाही. गाठ माणसात वाढते, आणि कळायला वर्षं जातात. काकांना ती कुठल्या कुत्र्यामुळे झाली ते कोण सांगणार? पण त्यांच्या टाक्यांची रांग मी पाहिली आहे. कोंबडीत हा किडा नसतो, पण साल्मोनेला असू शकतो, आणि तो बर्फाच्या डब्यात मरत नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २०१२ सालीच कच्चं मांस घालू नये असं धोरण जाहीर केलं, ते याचसाठी. ब्रुनो कच्चं चिकन खाऊन तुझ्या लेकीचं तोंड चाटत होता, ते मी गोठ्याच्या दारातून बघत होतो. त्या वेळी मी काही बोललो नाही. आईला अडवलं नाही म्हणून तू मला बोललास. खरं तर मी तुला अडवायला हवं होतं.

मांस दे, शिजवून दे. फक्त हाडं शिजवू नकोस, शिजलेल्या हाडाचे काटे होतात आणि आतड्यात रुततात. कॅल्शियमचं काय करायचं ते डॉक्टरांना विचार. आणि मूठभर भोपळा घाल.

नरसीत राहून या विषयावर लिहायचं आणि नामदेवांची ती गोष्ट सांगायची नाही, हे जमणारच नाही. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट इथल्या पोराला पाळण्यात असल्यापासून ऐकवतात. सगळ्या भूतांत देव, हा तिचा अर्थ कीर्तनकार सांगतात, तो खराच. पण मला त्यात आणखी एक दिसतं. नामदेवांनी कुत्र्याची भाकरी काढून घेतली नाही. हे तू खायचं नसतं, असं त्याला शिकवलं नाही. त्याच्या तोंडातली भाकरी कोरडी आहे, एवढंच त्यांनी पाहिलं, आणि कमी होतं ते घेऊन धावले. (तूप जास्त झालं तर कुत्र्याचं स्वादुपिंड सुजतं, हे डॉक्टर सांगतील. पण नामदेवांकडे वाटीच होती, डबा नव्हता.)

आईनं त्या संध्याकाळी तेच केलं. तिला ब्रुनो लांडगा आहे की लॅब्राडोर, याच्याशी देणंघेणं नव्हतं. लेकरू कुंथतंय एवढं तिला दिसलं.

तर आता चंपाषष्ठी येतेय. आमच्याकडे खंडोबाला वांग्याच्या भरिताचा आणि रोडग्याचा नैवेद्य असतो, आणि त्यातला वाटा देवाच्या कुत्र्याला घालायची रीत आहे. मल्हारीनं स्वतःच्या कुत्र्याला भाजी मान्य केली आहे, त्यावर आपण काय बोलणार? फक्त मोत्यानंतर आमच्या घरी एक बदल झाला. भरितात पातीचा कांदा पडायच्या आधी कुत्र्याचा वाटा बाजूला निघतो. देवानं याबद्दल अजून तक्रार केलेली नाही.

तू ये. ब्रुनोला घेऊनच ये. गोठ्यामागे तीन विटांची चूल मांडून ठेवतो, एक पातेलं वेगळं काढलंय, चिकन तिथं शिजव. आईला विचारलंय. ती म्हणाली, "गोठ्यात काय शिजतंय ते मला दिसत न्हाई." आणि मग थोड्या वेळानं म्हणाली, "एक भोपळा ठिवलाय म्हणावं."