शेलने भागत नाही

अ‍ॅन्सिबलवर काम करणाऱ्या मंडळींत एक मत चांगलेच रुजले आहे. स्वतःचे मॉड्यूल लिहिणे ही हौस. शेल टास्कमध्ये चार ओळी टाकल्या की काम होते. मग पायथन कशाला, आणि त्या पायथनच्या चाचण्या तर कशालाच? हे म्हणणारे बहुतेक अनुभवी असतात, म्हणूनच या मताचा नीट समाचार घेतला पाहिजे.

त्यातले खरे तेवढे आधी मान्य करू. पॅकेज, फाइल, सेवा, वापरकर्ते यांच्यासाठी तयार मॉड्यूल असताना स्वतःचे लिहिणे हा रिकामा खटाटोप आहे. वाद आहे तो संस्थेच्या घरच्या प्रणालीपुरता, जिच्यासाठी बाहेरचा कोणी मॉड्यूल लिहिणार नाही.

पहिला आक्षेप, शेल पुरते. अ‍ॅन्सिबलची भिस्त एका उत्तरावर असते: काही बदलले की नाही? त्यावरून हँडलर धावतात, सेवा रीस्टार्ट होतात. शेल टास्कला हे आपोआप कळायला मार्गच नाही. आज्ञा यशस्वी झाली की ते ‘बदलले’ असे ठोकून देते, आणि काही कारण नसताना सेवा रीस्टार्ट होते. यावर रजिस्टर, व्हेन, चेंज्ड-व्हेन, फेल्ड-व्हेन हे उपाय सांगितले जातात. ते आहेतच. पण एका आज्ञेभोवती हे चौघे उभे केले की तुम्ही मॉड्यूलच लिहिलेले असते. फक्त ते यॅमलमध्ये असते, सुटे काढून तपासता येत नाही, आणि दुसऱ्या प्लेबुकात चिकटवताना त्यातली एखादी ओळ गळते.

दुसरा आक्षेप, चाचण्या कशाला, चेक मोड आहे की! इथे गफलत मोठी आहे. शेल टास्क चेक मोडमध्ये सहसा वगळलेच जाते. स्वतःच्या मॉड्यूलनेही चेक मोडला पाठिंबा जाहीर केला नसेल तर तेही वगळले जाते. आणि पाठिंबा जाहीर करून लेखक आत अट घालायला विसरला, तर ‘नुसते बघतो’ म्हणून चालवलेल्या फेरीत सर्व्हर खरोखर बदलतो. चेक मोड ही चाचणी नव्हे. चाचणी चेक मोडचीच घ्यावी लागते.

तिसरा आक्षेप चाचणीवाल्यांच्याच गोटातला: बाहेरची आज्ञा नकली करून युनिट चाचण्या घेतल्या की झाले. तर्क तपासायला त्या हव्यातच, शिवाय त्या झटपट होतात. पण नकली आज्ञा तेच उत्तर देते, जे लेखकाने गृहीत धरलेले असते. सर्व्हरवरच्या खऱ्या आज्ञेचे उत्तर आवृत्तीनुसार किंवा भाषेच्या सेटिंगनुसार वेगळे आले, तर सगळ्या चाचण्या हिरव्या राहून मॉड्यूल आपटते.

आता आमची बाजू. मॉड्यूल लिहिणे अवघड नाही. मागणी वाचायची, सध्याची स्थिती पाहायची, दोन्हींत फरक असेल तरच बदल करायचा आणि निकाल जेसनमध्ये परत द्यायचा. जेसन देता आले की कोणतीही भाषा चालते. पायथन घेतली तर अ‍ॅन्सिबल-मॉड्यूल हा क्लास आर्ग्युमेंट तपासतो आणि सांगून ठेवल्यास पासवर्ड लॉगमधून झाकतो. त्याच्या जोडीला कंटेनरमध्ये किमान चार चाचण्या हव्यात. पहिल्या फेरीत ‘बदलले’ आले पाहिजे. लगेच घेतलेल्या दुसऱ्या फेरीत ‘बदलले नाही’ आले पाहिजे. चेक मोडमध्ये बदल कळवला जावा, पण सर्व्हर जसाच्या तसा राहावा. चुकीचे आर्ग्युमेंट दिले तर पायथनचा ट्रेसबॅक न दिसता समजेल असा संदेश मिळावा. यासाठी अ‍ॅन्सिबल-टेस्ट आणि मॉलिक्यूल ही हत्यारे फुकट उपलब्ध आहेत. मॉलिक्यूल तर तेच प्लेबुक पुन्हा चालवून दुसऱ्या खेपेला काही बदलत नाही ना, हे स्वतःच पाहते.

या चार चाचण्या लिहायला ज्याला वेळ नाही, त्याने मॉड्यूल लिहू नये. पण मग शेल टास्कच्या ‘बदलले’ या शब्दावर विसंबून चालू सेवा रीस्टार्टही करू नये.