किनारा रिकामा नाही, साहेब!

‘अनटच्ड कोकण’, ‘व्हर्जिन बीच’, ‘इथे कोणीच येत नाही’. मोटरहोमची नवी रील आली की खाली हे ठरलेलंच. मागे समुद्र, पुढे फोल्डिंगची खुर्ची, गॅसवर चहा. आणि लोकेशन काय, तर वेळास, केळशी, नाहीतर आंजर्ले! मंडळी, या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळी वाळत पडतायत. वेळासचे गावकरी २००२ पासून पहाटे उठून किनारा चालतात आणि कासवांची अंडी राखतात. मग हा किनारा ‘अनटच्ड’ कसा झाला? मॉल नाही, म्हणून?

आधीच सांगतो, माझा मोटरहोमला विरोध नाही. गुडघे गेलेल्या आईवडिलांना घेऊन फिरायचं, तर स्वतःचं संडास सोबत असणं ही मोठी सोय आहे. बायकांना विचारा, हायवेवर काय हाल होतात ते. आणि सुरूच्या बनामागे जाणाऱ्यांपेक्षा हे लोक शंभर पटीने बरे.

पण ते संडास रिकामं कुठे होतं? हा प्रश्न मी कमेंटमध्ये दहा वेळा विचारलाय. उत्तर येतं ते हसणाऱ्या इमोजीचं.

गणित साधं आहे. अशा गाडीतली काढघाल करायची मैल्याची टाकी साधारण १५-२० लिटरची. दोन माणसं असली तर दोन-तीन दिवसांत भरते. शिवाय भांड्यांचं, आंघोळीचं साबणाचं पाणी वेगळं. परदेशात ठरावीक अंतरावर ही टाकी ओतायची जागा असते, लोक तिथे रांग लावतात. आपल्याकडे दापोलीपासून गुहागरपर्यंत जाताना अशी पाटी कोणी पाहिली असेल तर खाली फोटो टाका. मग ती टाकी कुठे जाते? पऱ्यात, खाडीत, नाहीतर कोणाच्या तरी आंब्याच्या बागेत, रात्रीच्या अंधारात. होमस्टेवाल्याच्या सेप्टिक टँकमध्ये ओतली तरी पंचाईतच, कारण वास मारायचं ते निळं औषध बऱ्याचदा टाकीतले मैला कुजवणारे जिवाणूच मारतं. आणि आपली जमीन म्हणजे जांभा, पाण्याला चाळणच. वर ओतलेलं खाली विहिरीत यायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात धो धो, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच वाडीला टँकर! त्या विहिरीच्या तळाला राहिलेल्या हातभर पाण्यात पुण्या-मुंबईचा पाहुणा आपली भर घालून जाणार.

दुसरी गोष्ट वाळूची. ‘गाडी थेट पुळणीवर उतरवली’ हे अभिमानाने सांगतात. भरतीत अडकली की मग गावातला ट्रॅक्टर आठवतो. पण कासवाचं काय? ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री येते, शंभरेक अंडी घालते, वाळूने झाकून निघून जाते. समोर हेडलाइट दिसला तर अंडी न घालताच परत फिरू शकते. घरट्यावरून चाक गेलं तर वाळू दबते, अंडी चिरडतात. पिल्लं अंधारात उजळ क्षितिजाकडे धावतात, तुमच्या अंगणातली लायटिंग बघून उलटी फिरतात आणि टायरच्या चरात अडकतात. वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. वाघाच्या गुहेत चहा मांडला असतात का?

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे, चांगलीच आहे. पण पार्क व्हायच्या आधी गाड्या आल्या. वर रेवस-रेड्डी सागरी मार्ग, अंतुलेंच्या काळापासूनचं स्वप्न. आज निदान खाड्यांवरच्या फेरीबोटीमुळे गर्दीला आपोआप लगाम बसतो, आणि गडग्यांमधल्या अरुंद वळणांमुळेही. तिथे एक मोटरहोम अडकली की वस्तीची एसटी तासभर खोळंबते. उद्या सगळे पूल झाले की?

‘तुम्हाला विकासच नको’ म्हणणारे आता येतीलच. हवाय की! पण वेळासला येऊन कोणाच्या घरी उतरणारा पाहुणा जेवणाचे, राहण्याचे पैसे गावात ठेवून जातो. किराणा, पाणी, गॅस सगळं शहरातून भरून आणणारा गावात काय ठेवतो, ते वर लिहिलंच आहे.

म्हणून मागणी सरळ आहे. वाळूवर चाक नाही, कोणाचंच, स्थानिक पुढाऱ्याच्या जीपचंही नाही. प्रत्येक किनारी तालुक्यात टाकी ओतायची एक जागा, नगरपंचायतीच्या मैला व्यवस्थेला जोडलेली. वेंगुर्ल्याने कचरा डेपोचं असं रूप पालटलं की लोक तो बघायला जातात, तेव्हा ‘आपल्याकडे होत नाही’ ही सबब चालणार नाही. आणि रात्रीच्या मुक्कामाची पावती ग्रामपंचायतीची. पार्किंगची फाडता येते तर हीही येईल. पावतीच्या मागे छापा: गाडी कुठे लावायची, टाकी कुठे रिकामी करायची, दिवे किती वाजता बंद.

किनाऱ्यावरच्या गावातल्यांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्यावा. तेव्हा कासवांचा हंगाम चालूच असतो. अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, पाठवतो.