संकेतस्थळाचा दाखला : फुकटचा कीं दामाचा ?

हल्लीं आपल्या उंब्रज भागांतील कांहीं शेतकरी आलें, हळद, गूळ वगैरे माल स्वतःच्या संकेतस्थळावरून पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकांस परभारें विकूं लागले आहेत. अशा प्रत्येक स्थळास सुरक्षेचा एक दाखला लागतो. तो फुकट मिळतो, तसाच दाम देऊनही मिळतो. यांपैकीं कोणता घ्यावा यावर आमच्या मंडळाच्या बैठकींत बराच खल झाला, व दाम देऊनच घ्यावा याकडे बहुतेकांचा कल दिसला. आमचें मत निराळें असल्यामुळें तें येथें मांडीत आहों.

या बहुमताच्या मुळाशीं सात-बाराचा अनुभव आहे. महाभूलेख स्थळावर उतारा फुकट दिसतो, पण तो केवळ माहितीपुरता असतो; त्यावर सही नसल्यानें कचेरींत तो चालत नाहीं. १५ रुपये भरून काढलेल्या उताऱ्यावर डिजिटल सही असते, व तो चालतो. यावरून जें फुकट तें बिनसहीचें, असा धडा लोकांनीं घेतला. आमची सारी नोकरी महसूल खात्यांत नकला व शिक्के यांत गेली. बिनसहीच्या कागदाची किंमत आम्हांस ठाऊक आहे. परंतु तो दृष्टांत येथें लागू पडत नाहीं. संकेतस्थळाचा फुकटचा दाखलाही सहीचाच असतो. ती सही मान्यता पावलेल्या संस्थेची असते, व ब्राउझर ती दामाच्या दाखल्यावरील सहीइतकीच ग्राह्य मानतो.

हा दाखला दोन कामें करितो. गिऱ्हाइकाचें नांव, पत्ता, पैशांचा तपशील हें सर्व वाटेंत कोणास वाचतां वा बदलतां येऊं नये अशा गुप्त लिपींत जातें; आणि ज्या पत्त्यावर जावयाचें होतें तेथेंच आपण पोंचलों, याची खात्री पटते. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर बिनदाखल्याच्या स्थळावर ‘असुरक्षित’ असा शेरा मारूं लागला, त्यामुळें लहानमोठ्या सर्वांसच दाखला घेणें भाग पडलें. लेट्स एन्क्रिप्ट ही अमेरिकेंतील ना-नफा संस्था २०१५ पासून तो फुकट देत आहे. त्यानें मिळणारी गुप्तता दामाच्या दाखल्याहून रतिभरही कमी नाहीं.

मग दाम कशाचें ? फुकटचा दाखला देतांना त्या पत्त्यावर अर्जदाराचा ताबा आहे एवढेंच यंत्र पाहतें. वरच्या प्रतीचा दाखला देतांना संस्थेची नोंदणी व कागदपत्रेंही तपासलीं जातात. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर पहिल्यांत वहिवाट पाहिली, दुसऱ्यांत हक्काचे कागदही पाहिले. हा फरक खरा आहे, व मोठ्या पेढीस त्याचा उपयोग असेल. परंतु पूर्वीं सर्वांत वरच्या प्रतीच्या दाखल्यामुळें संस्थेचें नांव पत्त्याच्या पट्टींत ठळक दिसे, तें क्रोम व फायरफॉक्स यांनीं २०१९ सालीं तेथून काढलें. आतां मुद्दाम आंत शिरून पाहिल्याशिवाय तें दिसत नाहीं, आणि पावशेर हळद घेणारें गिऱ्हाईक इतक्या खोलांत जात नाहीं. शिवाय दाखला म्हणजे सचोटीची हमी नव्हे. लबाडासही तो मिळतो. कुलुपाच्या चिन्हावरून लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमनें २०२३ सालीं तें चिन्हच बदललें.

आमच्या मंडळावर आपत्ति आली ती निराळ्याच वाटेनें. गतवर्षीं आल्याच्या ऐन हंगामांत दाखल्याची मुदत संपली. तो दाखला दामाचाच होता. स्थळ तयार करून देणाऱ्या गृहस्थानें तो स्वतःच्या खात्यावर घेतला होता. मुदतीची सूचना त्याच्याकडे गेली, व तो परगांवीं होता. चार दिवस गिऱ्हाइकांस धोक्याची पाटी दिसली, मागण्या थांबल्या, आणि काढून धुतलेलें आलें मिळेल त्या भावानें व्यापाऱ्यास द्यावें लागलें. नुकसान सभासदांचें झालें.

ही अडचण पुढें वाढणारच आहे. नव्या दाखल्यांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस व १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस, असें ब्राउझर व दाखले देणाऱ्या संस्था यांच्या मंडळानें २०२५ सालीं ठरविलें. दाम दिलें म्हणून यांतून सुटका नाहीं. तेव्हां नूतनीकरण यंत्रानें आपोआप होईल अशीच व्यवस्था हवी, आणि फुकटच्या दाखल्याची सारी रचना आरंभापासून याच धोरणावर झालेली आहे.

म्हणून आमची सूचना अशी. दाखला फुकटचाच घ्यावा. स्थळाचा पत्ता व जागा मंडळाच्या नांवें असावी, व परवलीचे शब्द निदान दोन पदाधिकाऱ्यांपाशीं असावे. नूतनीकरण आपोआप होत असलें तरी मुदतीची तारीख मंडळाच्या वहींत लिहून चिटणिसानें दरमहा पडताळून पाहावी. कारण लेट्स एन्क्रिप्टनें मुदतीच्या सूचना टपालानें पाठविणें जून २०२५ पासून बंद केलें आहे. येथें टपाल म्हणजे ई-मेल. फुकटचाच दाखला कोणी दाम लावून देत नाहीं ना, हेंही बिलावर पाहावें. उद्यां एखाद्या मोठ्या खरेदीदारानें नोंदणी तपासलेला दाखलाच मागितला, तर तेवढ्यापुरता तो अवश्य घ्यावा.

येत्या बैठकींत हा प्रश्न पुन्हा निघणार आहे. सभासदांनीं मत देण्यापूर्वीं एवढेंच विचारावें कीं, आपला दाखला आज कोणाच्या खात्यावर आहे, व त्याची मुदत केव्हां संपते ?