रामकिंकरांचे सिमेंट

शांतिनिकेतनातील रामकिंकर बैज यांचे ‘संथाळ कुटुंब’ हे १९३८चे शिल्प लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर सिमेंट आणि तांबड्या खड्यांचे मिश्रण थापून उभे केलेले आहे. हे खडे लॅटेराइटचे, म्हणजे कोकणात ज्याला जांभा म्हणतात त्याचे. बीरभूम जिल्ह्याच्या तांबड्या जमिनीत ते हवे तितके सापडतात. खांद्यावर कावड घेतलेला पुरुष, कावडीच्या टोपलीत मूल, शेजारी डोक्यावर ओझे आणि कडेवर तान्हे घेतलेली बाई, पायांशी कुत्रा असे हे मुक्काम हलवून निघालेले बिऱ्हाड आहे. सार्वजनिक जागी उभ्या राहिलेल्या भारतीय आधुनिक शिल्पांत अनेक समीक्षक त्याला पहिला मान देतात. शिल्पाच्या विषयावर पुष्कळ लिहिले गेले, मालावर त्या मानाने कमी. रामकिंकरांची निर्मितिप्रक्रिया समजून घ्यायची तर सुरुवात मालापासूनच केलेली बरी.

रामकिंकरांचा जन्म १९०६ मध्ये बाँकुडा येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. गावातल्या मूर्तिकारांच्या हाताखाली त्यांनी मातीकाम पाहिले, केले. असहकाराच्या चळवळीत पुढाऱ्यांची चित्रे रंगवली. ती कुवत ‘प्रवासी’ आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’चे संपादक रामानंद चटर्जी यांच्या लक्षात आली आणि १९२५ मध्ये ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्याकडे दाखल झाले. कलाभवनाचा भर चित्रकलेवर होता. शिल्पाचे तंत्र त्यांना थोडेफार मिळाले ते पाहुण्या म्हणून आलेल्या लिझा फॉन पॉट आणि मार्गारेट मिलवर्ड या युरोपीय शिल्पकर्त्रींकडून. मिलवर्डबाई पॅरिसच्या बूर्देलच्या शिष्या होत्या. बाकीचे रामकिंकर स्वतःच्या हाताने शिकले.

त्या काळी मुंबईतील शिल्पकारांची पद्धत निराळी होती. म्हात्रे, तालीम, करमरकर यांनी जे. जे. स्कूलमध्ये मानवाकृतीचा पक्का अभ्यास केला होता. संस्थानिक, सरकार किंवा स्मारक समिती काम सोपवी. आधी मातीचा नमुना होई, मग प्लास्टर आणि शेवटी कांस्य किंवा संगमरवर. पुण्याचा करमरकरांचा १९२८चा अश्वारूढ शिवाजी याच वाटेने घडला. या वाटेवर प्रत्येक टप्प्याला थांबून पाहता येते, नाक चुकले तर ओतकामाआधी सुधारता येते. शांतिनिकेतनात ओतकामाची सोय नव्हती, पैसे नव्हते आणि ‘संथाळ कुटुंबा’ची मागणी कोणी केलेली नव्हती. प्लास्टर बंगालच्या पावसात टिकले नसते. सिमेंट टिकणार होते आणि परवडणारेही होते.

पण सिमेंट थांबत नाही. कालवलेला माल काही तासांत धरतो, त्यामुळे सांगाड्यावर तो फेकायचा, दाबायचा आणि ओला आहे तोवर करणीने किंवा छिन्नीने खरवडून आकार काढायचा, एवढीच मुदत हाताला मिळते. बोटांची नखे, कपड्याच्या बारीक चुण्या असल्या गोष्टींना खडीच्या मिश्रणात जागाच नसते. उरतात ती वजने, कल आणि दिशा. रामकिंकरांच्या आकृतींचा खडबडीतपणा ‘आदिम जोम’ वगैरे शब्दांनी गौरवण्याची रीत आहे. त्यात संथाळांविषयीचा शहरी भाबडेपणाच अधिक दिसतो. हा खडबडीतपणा मालाशी आणि वेळेशी केलेल्या व्यवहारातून आलेला आहे. तो व्यवहार रामकिंकरांना मनापासून आवडला, म्हणून पुढे त्यांनी तो सोडला नाही.

विषय आधी आणि आकार नंतर, असाही त्यांचा नेम नव्हता. १९३५च्या ‘सुजाता’मागे जया अप्पासामी या उंच, सडपातळ विद्यार्थिनीची आकृती असल्याचे सांगतात. निलगिरीच्या झाडांत तशीच शेलाटी स्त्री उभी राहिली. डोक्यावर पायसाचे पात्र ठेवण्याची सूचना नंदलालांची, आणि तेव्हा कुठे ती बुद्धाला खीर देणारी सुजाता झाली. प्रेरणा म्हणून कथा शोधणाऱ्या अभ्यासकांनी हा क्रम ध्यानात घ्यायला हवा. हे काम पाहून रवींद्रनाथांनी सगळा आश्रम शिल्पांनी भरून टाकायला सांगितले, अशी आठवण प्रसिद्ध आहे. परवानगीचे असे बळ मिळणे हीही सामग्रीच म्हणायची.

‘मिल कॉल’ (१९५६) हे या पद्धतीचे सर्वांत पुढे गेलेले काम. भाताच्या गिरणीचा भोंगा झाला आणि दोन संथाळ बायका कामाला धावत सुटल्या आहेत. ओली लुगडी धावता धावताच वाऱ्यावर वाळताहेत, मागून एक मूल पळते आहे. हे दृश्य त्या परिसरात रोजचे होते, रामकिंकरांनी ते येता-जाता पाहिलेले होते. मात्र नुसते पाहणे पुरले नसते. अठरा वर्षांपूर्वीचे बिऱ्हाड संथ चालीचे आहे, त्यातले वजन सरळ जमिनीत उतरते. इथे सगळे वजन पुढे झुकलेले, कापड मागे ताणलेले, आणि सिमेंटसारखा जड पदार्थ वाऱ्यावर धरलेला. इतकी वर्षे तोच माल हाताळल्याशिवाय हे धाडस जमत नाही.

याची उलट बाजू दिल्लीत दिसते. रिझर्व्ह बँकेच्या इमारतीसमोर यक्ष आणि यक्षी उभे करण्याचे काम पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर रामकिंकरांकडे आले. यक्षासाठी मथुरा संग्रहालयातील पारखमची मूर्ती, तर यक्षीसाठी कोलकात्याच्या संग्रहालयातील बेसनगरची मूर्ती आधाराला होती. प्रेरणेसाठी हिमालय गाठणारे कलावंत पुष्कळ. रामकिंकर कांगड्याकडे गेले ते दगडासाठी. तो काढणे, खाली आणणे, दिल्लीला पोचवणे यात वर्षे गेली, खर्च फुगला, यक्षीच्या नग्नतेवरून संसदेत प्रश्न विचारले गेले, आणि काम संपायला साठीच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. यक्षाच्या हाती यंत्राचे दातेरी चक्र आणि पैशांची थैली देण्याची कल्पना चतुर आहे, मूर्तींचा भारदस्तपणाही नाकारता येणार नाही. पण दगड जोडून, मदतनिसांकरवी, मंजूर नमुन्याबरहुकूम झालेल्या या कामात हाताची घाई नाही. रामकिंकरांचे शिल्प त्या घाईतच घडत असे.

या मालाची किंमत आता मोजावी लागते आहे. खडीच्या सिमेंटमध्ये पाणी मुरते, आतले लोखंड गंजून फुगते आणि वरचा थर तडकतो. ‘संथाळ कुटुंबा’वर म्हणूनच छप्पर आले. ते गरजेचे आहे, तरी उघड्या उन्हासाठी केलेल्या त्या पृष्ठभागावरच्या सावल्या छपराखाली मंदावतात. कांस्यात प्रत काढावी, हा पर्याय आकार वाचवतो, पण तांबडे खडे गमावतो. शांतिनिकेतन २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आहे. तेव्हा प्रतींपेक्षा आधी मूळ मिश्रणाचे प्रमाण आणि आतल्या सळ्यांची मांडणी यांची नीट नोंद करून त्याच मालाने डागडुजी व्हावी.