संगम नावाची सोय

घानाच्या हायलाइफ संगीताविषयी लिहिताना ‘परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम’ हे सूत्र इतक्या सहजपणे वापरले जाते, की त्यामागील गृहीतक तपासण्याची निकड कुणाला भासत नाही. संगमासाठी दोन स्वतंत्र प्रवाह आधी असावे लागतात. कालातीत, निनावी आफ्रिकी परंपरा एकीकडे आणि जहाजातून उतरलेली युरोपीय आधुनिकता दुसरीकडे, अशी विभागणी मान्य केली तरच हे सूत्र अर्थपूर्ण ठरते. हायलाइफचा इतिहास या विभागणीला जुमानत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केप कोस्ट आणि एल्मिना येथे ब्रिटिशांनी आणलेल्या वेस्ट इंडियन सैनिकांचे ब्रास बँड वाजत होते. किनाऱ्यावरील वादकांनी त्यांच्याकडून जे ‘परके’ उचलले, ते आफ्रिकी वंशाच्याच माणसांचे संगीत होते. गिटारवादनाची रीत क्रू खलाशांनी पसरवली. अकान वादकांनी त्या गिटारीवर आपल्या सेप्रेवा या तंतुवाद्याची वादनशैली उतरवली. यात परंपरा कुठे संपते आणि आधुनिकता कुठे सुरू होते, हे संगमवाद्यांनी दाखवून द्यावे. ‘हायलाइफ’ हे नावदेखील, येबुआ मेन्सा यांच्या कथनानुसार, प्रवेशशुल्क न परवडल्याने उच्चभ्रू क्लबांबाहेर उभ्या राहिलेल्या लोकांनी दिलेले आहे. संज्ञेच्या मुळाशी असलेला हा वर्गभेद संगमाची भाषा पुसून टाकते. होमी भाभा यांच्या ‘संकरते’ने मूळ शुद्धतेच्या कल्पनेलाच छेद दिला होता, समीक्षाव्यवहारात मात्र तीही संगमाचे नवे नाव होऊन बसली.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. १९२८ साली क्वामे आसारे यांच्या कुमासी ट्रिओने लंडनमध्ये ‘या आम्पोन्सा’ ध्वनिमुद्रित केले. पॉल सायमन यांनी १९९० च्या आपल्या संग्रहातील एका गीतासाठी त्याचा आधार घेतला, तेव्हा मानधन कुणाचे हा प्रश्न उभा राहिला. शासनाच्या लेखी ती रचना लोकसंचित ठरली. ध्वनिमुद्रणाच्या आधुनिक तंत्राने जगापुढे आलेले गीत सहा दशकांत ‘परंपरा’ झाले आणि ते वाजवणारा निनावी झाला. २००५ च्या कायद्याने लोकसंचिताचे हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे सोपवले. त्याच्या वापरासाठी खुद्द घानाच्या कलावंतालाही परवानगी आणि शुल्क यांच्या चौकटीत आणले.

परंपरा ही कोटी सोडली तर परक्या कंपन्यांपासून संरक्षण कसे मिळणार, असा आक्षेप घेतला जाईल. तो गंभीर आहे. परंतु समूहाच्या हक्कासाठी व्यक्तीचे श्रम अदृश्य करण्याची आवश्यकता नसते. आसारे यांनी समूहाकडून काय घेतले आणि त्यात स्वतःचे काय घातले, हे दोन्ही सांगणे शक्य आहे आणि तेच समीक्षेचे काम आहे. ‘संगम’ हा शब्द त्या कामातून सुटका करून देतो. म्हणूनच तो इतका लोकप्रिय आहे.