बटाट्याची भाजी आणि साडेसहा अँपिअर

रविवारची संध्याकाळ. मेस बंद. दुपारच्या फीस्टचं श्रीखंड केव्हाच जिरलेलं आणि टपरीवरच्या वडापावचा कंटाळा आलेला. अशा वेळी कुठल्याही होस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर फिरून बघा. एखाद्या बंद दाराआड शेगडी पेटलेली असतेच. तिचा प्लग तुटलेला असतो आणि वायरची दोन टोकं सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्यांनी ठोकलेली असतात. आणि हे करणारे कोण? उद्याचे इंजिनिअर!

खोलीत विजेवर स्वयंपाक करायचा नाही, हा नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. रेक्टर सरांना आगीची भीती वाटते ती खरीच आहे. माझी तक्रार एवढीच, की हा नियम सगळ्या उपकरणांना एकाच मापाने मोजतो.

दिवाळीच्या सुट्टीत आतेभावाच्या फ्लॅटवर मी पहिल्यांदा स्लो कुकर वापरला. चिनीमातीचं जाड भांडं, काचेचं झाकण आणि भांड्याभोवती मंद तापणारी कॉइल, बस्स. अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाला १९४० साली याचं पेटंट मिळालं. त्याच्या आईने त्याला लिथुआनियातल्या लहानपणीची गोष्ट सांगितली होती. तिकडे शुक्रवारी संध्याकाळी कडधान्यं-बटाट्याचं भांडं बेकरीच्या विझत आलेल्या भट्टीत ठेवायचे आणि उरलेल्या धगीवर ते रात्रभर शिजायचं. आपण चुलीच्या निखाऱ्यात बटाटे खुपसतो, त्यातलाच प्रकार. एका इंजिनिअरने आईचं बोलणं नीट ऐकलं, त्याचं हे फळ.

भाजी अगदी सोपी. पाऊण किलो बटाट्यांच्या सारख्या फोडी, तीन चमचे तेल, अर्धी वाटी पाणी, हळद, तिखट, मीठ. झाकण लावायचं, बटण 'हाय'वर ठेवायचं आणि तीन-चार तास विसरून जायचं. तेवढ्यात एक जर्नल पूर्ण होतं. सारखं झाकण उघडून बघायचं नाही, वाफ जाते आणि वेळ वाढतो. पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून टोमॅटो आणि लिंबू सुरुवातीलाच घातलं. चार तास झाले तरी बटाटे आपले टणकच! आंबटाने बटाटा लवकर मऊ होत नाही, हे तेव्हा कळलं. लिंबू शेवटी पिळायचं. फोडणी मात्र यात होत नाही, मोहरी तडतडेल इतकं तेल तापतच नाही. त्यावर उपाय म्हणजे घरून येताना छोट्या बाटलीत मोहरी-हिंगाची फोडणी आणायची आणि वरून घालायची.

आता मुद्द्याचं. १५०० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढते आणि खोलीतलं साधं सॉकेट असतं ६ अँपिअरचं. २०० वॅटचा स्लो कुकर एक अँपिअरही ओढत नाही. करंट साडेसात पट कमी म्हणजे त्याच वायरीत तयार होणारी उष्णता ५६ पट कमी. आय स्क्वेअर आर आपण परीक्षेत लिहितो आणि होस्टेलवर आलो की विसरतो. वीज वाचते असंही नाही हं. चार तासांत ०.८ युनिट जातं, शेगडीवर अर्ध्या तासात ०.७५. म्हणजे बिल जवळपास सारखंच, फरक पडतो तो वायरिंगच्या जिवाला. दहा खोल्यांत एकदम शेगड्या लागल्या तर ६५ अँपिअर! मग सबमिशनच्या आदल्या रात्री फ्यूज उडून अख्खी विंग अंधारात बसते. आणि ही झाली नशिबाची बाजू. फ्यूजऐवजी वायर पेटली तर?

म्हणून सुचवावंसं वाटतं, की खोल्यांतली बंदी राहू दे, पण प्रत्येक मजल्यावर एका मोकळ्या जागी स्वतंत्र एमसीबीवर एक स्लो कुकर ठेवावा. शेजारी वही, त्यात नाव आणि वेळ लिहायची. झुरळं होतील, भांडं कोण घासणार, या शंका रास्त आहेत. ज्याने शिजवलं त्याने घासायचं, नाही घासलं तर महिनाभर त्याचं नाव कट. हे आपल्याला जमलं नाही, तर मात्र मीच पुढच्या अंकात बंदीच्या बाजूने लिहीन.

भूक काही नियम वाचून लागत नाही. ती काड्या ठोकलेल्या सॉकेटवर भागवायची की एका अँपिअरच्या आत, एवढंच ठरवायचं आहे.